वहिनींनी पंख्याला मांडून दिलेली वेगळी चूल

मिस्त्रींचे हात थरथरायला लागले आणि गाड्यांच्या वायरिंगचं दुकान त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडलं. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. मिस्त्री खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, वहिनी वायरी जोडायच्या आणि भांडण दोघं मिळून करायचे. दुकानात अर्धा वाटा असलेल्या दिराला मात्र हा कारभार मुळीच पसंत नव्हता.

"टॅक्सीवाल्या काकांची गाडी आज पुन्हा उकळली, तर दुकान भाड्याने देऊन टाकू," त्याने सकाळीच सुनावलं.

काकांच्या जुन्या गाडीत एसी मागाहून बसवलेला. गर्दीत अडकली की ती उकळायची. म्हणून रेडिएटरला विजेचा पंखा लावायचा होता. इंजिन तापलं तरी तो फिरायला हवा आणि एसी लावला तरी. वहिनींनी दोन्हीकडच्या वायरी एकाच रिलेला, म्हणजे पंखा चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याला, जोडल्या. इंजिन तापताच पंखा भणाणला.

"झालं! गुंडाळ टेप," मिस्त्री म्हणाले.

"थांबा हो. एसी बंद आहे, मग त्याचा कॉम्प्रेसर टक्कन का वाजला?"

"अगं, मी जन्मभर असंच जोडत आलोय!"

"एसीच्या गाडीत?"

मिस्त्रींनी खुर्ची जरा दुसरीकडे वळवली.

वहिनी बॉनेटवर वाकल्या. पंख्यासाठी आलेला करंट दुसऱ्या वायरीने उलटा जाऊन एसीलाही उठवत होता. म्हणजे आधीच तापलेल्या इंजिनावर आणखी ओझं, गाडी उकळणारच! त्यांना एकदम हसू फुटलं. जावेबरोबर एकाच चुलीवर त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. एकीने चहासाठी जाळ वाढवला की दुसरीचं दूध उतू जायचं. उपाय एकच निघाला होता, वेगळ्या चुली. तोच इथेही चालणार होता.

त्यांनी फळीवरून दुसरा रिले काढला. इंजिनाला एक, एसीला एक. पंखा दोघांचा, पण वायरींची गाठभेट नाही.

भर उन्हात काकांनी इंजिन चालू ठेवलं. एसी बंद असताना तापमानाचा काटा चढला, पंखा फिरला, कॉम्प्रेसर मात्र गप्प. मग एसी लावला. पंखा पुन्हा भणाणला आणि काटा मधोमध बसला तो हलेचना. दीर घड्याळ बघत उभा होता. घामाने निथळला तेव्हा मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसला आणि काच वर केली. वहिनींना आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि त्या खरंच ओरडल्या.

"मिस्त्री, स्टँडवरच्या बाकीच्या गाड्याही उकळतात," काका खुर्चीपाशी येऊन म्हणाले. "कधी आणू?"

मिस्त्रींनी थरथरतं बोट बॉनेटकडे केलं.

"मला काय विचारता? वायरमन तिकडे उभी आहे."