चौदा पँटी, एकच कंबर

आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांचे जावई संगणकाच्या कामातले. त्या कामात वाघ, पण सुईत दोरा ओवायला सांगितला तर सुईच हरवून बसतील. सासऱ्यांनी आपल्याला एकदा तरी "वा!" म्हणावं, एवढीच त्यांची भूक. म्हणून मास्तरांची मापांची कळकट वही बंद करायला त्यांनी फॉर्म बनवला. नाव लिहायचं, कंबरेचं माप ड्रॉपडाउनमधून निवडायचं, 'आणखी एक' दाबलं की खाली तश्शीच नवी ओळ. तपासायला त्यांनी आपलं एकट्याचं माप भरलं. बत्तीस. बरोबर उमटलं. गडी खूश!

पहिलीच ऑर्डर अग्निशमन केंद्राची. चौदा जवान, आणि शनिवारी साहेबांची पाहणी.

गुरुवारी सकाळी जावई दुकानात डोकावले. टेबलावर शेचाळीस कंबरेच्या तेरा पँटींची चळत, चौदावी मशीनवर.

"मामा, हे काय? सगळेच जवान एवढे ढेरपोटे?"

"फॉर्मात तसंच आलंय, जावईबापू."

"मग तुम्हाला शंका नाही आली?"

"आली की! पहिल्याच पँटीला आली. पण जावयाच्या कामात खोट कोण काढणार?"

काजं करत बसलेली मास्तरांची लेक नवऱ्यावर आणि बापावर एकदमच उखडली. "राखा, एकमेकांचा मान राखा! तिकडे ते बिचारे एका हातात पाइप अन् एका हातात पँट धरून आग विझवतील!"

जावयांनी लॅपटॉप उघडला नि कपाळाला हात लावला. प्रत्येक नव्या ओळीतली मापांची यादी पहिलीची नक्कल होती, संगणक तिला ज्या आतल्या नावाने ओळखतो त्या नावासकट. चौदा याद्यांना नाव एकच, त्यामुळे शेवटच्या माणसाचं माप सगळ्यांच्या बोकांडी बसलं होतं. शेवटचा होता बंबाचा ड्रायव्हर.

मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आम्ही कापलेल्या तुकड्याला नंबराची चिठ्ठी टाचतो. नाहीतर याचा पाय त्याला जोडला जायचा."

"तेवढंच माझ्याकडून राहिलं, मामा."

जावयांनी प्रत्येक यादीला तिच्या ओळीचा नंबर टाचला. केंद्राने फॉर्म पुन्हा भरला, तेव्हा चौदा माणसांच्या चौदा कंबरा सुट्या सुट्या आल्या. ड्रायव्हरची पँट तेवढी वाचली. बाकीच्या तेरा उसवायला जावई मांडी घालून बसले, ते शुक्रवारी दुपारीच उठले.

मास्तरांनी एक पँट उजेडात धरली. शिवण साफ निघालेली, कापडाला ओरखडा नाही.

"वा!" ते म्हणाले. "उसवायला हात छान बसलाय तुमचा."