बिनवायरीचा बेस

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखात सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टेजवरून जेवढी गाणी गायली गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक आमच्या शेजारच्या अण्णांनी खालून तोलून धरली होती, आणि ही गोष्ट त्या अख्ख्या मुलखात एकाच माणसाला ठाऊक होती. तो माणूस म्हणजे खुद्द अण्णा. गायकांना ती ठाऊक नव्हती, गणपती मंडळांच्या अध्यक्षांना नव्हती, आणि ज्या ऑर्केस्ट्रात अण्णा बेस गिटार वाजवायचे त्याच्या मालकांना तर मुळीच नव्हती. मी त्याच ऑर्केस्ट्रात काँगो बडवायचो. दिवसभर मच्छे गावच्या कारखान्यात लेथवर उभा, संध्याकाळी अण्णांच्या शेजारी उभा. माझ्या हातावर पोरं नाचायची, शिट्ट्या पडायच्या. अण्णांकडे कुणाची नजर गेलीच, तर हा गृहस्थ इथं कशाला उभा केलाय, अशा अर्थानं जायची. अण्णाही मग त्या नजरेला नजर लावून उभे राहायचे, आणि गाणं संपेपर्यंत पापणी हलवायचे नाहीत. मालकांनी एकदा सगळ्यांना चमचमते लाल कोट शिवले. अण्णांनी तो घडी करून परत दिला. "लाल कोट घाटला म्हणून सूर काय लाल निघतोय व्हय?" असं म्हणून ते पांढऱ्या पायजम्यावर आणि सदऱ्यावर उभे राहिले ते शेवटपर्यंत.

बेळगावच्या वडगावात त्यांच्या घरी दोन माग होते. सकाळपासून त्यांचा खडखडाट चालायचा, आणि तो चालू असतानाच अण्णा रियाजाला बसायचे. माग बंद करून का बसत नाही असं विचारलं तर म्हणायचे, "ह्या खडखडाटात ज्याला सोताचा बेस ऐकू येतोय, त्येला जत्रंत बी येतोय." हे वाद्य ते कुणाकडून शिकले याचा पत्ता कुणालाच नव्हता. रेडिओवर गाणं लागलं की बाकीचे लोक गाणाऱ्याचा आवाज ऐकायचे. अण्णा भिंतीला कान लावून त्या गाण्याच्या तळाचं काहीतरी ऐकायचे. ती गिटारही दुकानातली नव्हती. एका मासिकातला फोटो घेऊन ते मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे गेले आणि अशीच हुबेहूब करून दे म्हणाले. कारागीर हाताचा पक्का होता, पण त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्यात गेलेल्या. त्यानं गिटार केली, आणि बोडकी दिसते म्हणून तिच्या अंगावर वेलबुट्टी काढली, मानेला दोन मोर बसवले. वजन तर असं, की ती गळ्यात अडकवून तासभर उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. लोक हसले. अण्णा म्हणाले, "मोर हायत म्हणून हसताय. वाजवाय लागलो की मोर दिसत्यात काय बघा." त्यात काही अर्थ नव्हता, पण ते इतक्या जोरात म्हणाले की लोक गप्प बसले.

उचगावच्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी त्या गिटारीच्या चार तारा मोजल्या आणि शेजारच्या गिटारीच्या सहा. मग मोठ्या सहानुभूतीनं विचारलं, "दोन तुटल्या व्हय हो?" अण्णा म्हणाले, "बैलगाडीला दोनच चाकं असत्यात. तवा उरलेली काय चोरीला गेल्यात?" पुढच्या वर्षी त्या मंडळानं आम्हाला बोलावलं नाही. अण्णांना त्याचं काडीचं दुःख झालं नाही.

या तारा हे त्यांच्या घरातलं एक वेगळंच प्रकरण होतं. बेसच्या जाड तारा आमच्याकडे मिळायच्या नाहीत, मुंबईहून कुणी आणल्या तर आणल्या. त्यामुळे जुन्या तारांचा आवाज बसला की अण्णा त्या काढून सोड्याच्या पाण्यात उकळायचे. मळ निघून गेला की तार पुन्हा बोलू लागते, हे खरं आहे, मी स्वतः ऐकलंय. पण उकळायच्या कशात, तर वहिनींच्या आमटीच्या पातेल्यात. एकदा थोरल्या मुलीला बघायला खानापुराकडची मंडळी आलेली असताना चुलीवर हेच शिजत होतं. मुलाच्या आत्यानं स्वयंपाकघरात डोकावून झाकण उचललं आणि म्हणाली, "शेवया लई जाड पाडलायसा हो." वहिनी आधीच कावलेल्या. त्या म्हणाल्या, "त्या खायच्या न्हवंत, वाजवायच्या हायत." आत्याबाई इतक्या हसल्या की लग्न तिथंच ठरलं. अण्णांनी ते श्रेयही तारांनाच दिलं.

त्यांचा स्पीकर ज्या खोक्यात होता ते खोकं गल्लीतल्या सुतारानं केलेलं. त्याला कपाटं करायची सवय, म्हणून त्यानं स्पीकरलाही कडीकोयंडा लावला. आम्ही त्याला कपाटच म्हणायचो. कधी मालकांच्या गाडीत जागा नसली की अण्णा ते एसटीच्या टपावर चढवायचे. कंडक्टर कानडीत विचारायचा, "ओळग एन ऐती?" म्हणजे आत काय आहे? अण्णा तितक्याच गंभीरपणे कानडीतच सांगायचे, "दनी ऐती." आवाज आहे. आवाजाचं तिकीट किती घ्यायचं ते कंडक्टरला ठरवता यायचं नाही.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मालकांनी परदेशी बनावटीचा कीबोर्ड आणला. वाजवणारा तरुण गुणी होता. उजव्या हातानं सूर, डाव्या हातानं बेस. तालमीनंतर मालकांनी सगळ्यांसमोरच विषय काढला. "अण्णा, आता इश्रांती घ्या. गाडीत एका माणसाची जागा हुईल, कपाट बी न्यायला नको. आणि खरं सांगू काय, रागाऊ नगासा, बेस लोकास्नी ऐकूच येत न्हाय."

अण्णांनी गिटार गळ्यातून काढून पाठीला लावली आणि बाहेर पडले. इतक्या वर्षांत उलट टोला न हाणता ते निघालेले मी पहिल्यांदाच बघितले, आणि मला भीती वाटली. वडगावच्या रस्त्यानं दोघं सायकली हातात धरून चालत आलो. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "माग माझ्या आज्यानं लावला, बानं चालवला, मी चालवालोय. ह्ये एकच काम मी माझं माझं शिकलोय रं. ते कोण म्हणतंय म्हणून सोडू व्हय?"

पुढचा कार्यक्रम एका खेड्यात होता. आम्ही पोचलो तेव्हा अण्णा आमच्या आधी एसटीनं येऊन, कपाट स्टेजवर लावून, मोरांवरची धूळ पुसत उभे. मालकांनी कपाळाला हात लावला. चारचौघांत भांडण नको म्हणून त्यांनी शांतपणे जाऊन गिटारची वायर काढली आणि गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली. अण्णांनी बघितलं आणि हसून म्हणाले, "चालंल की. ऐकूच येत न्हाय म्हणालासा न्हवं? मग वायर असली काय, नसली काय. लोकास्नी काय फरक पडतोय?"

मालक वायर खिशात तशीच ठेवून पडद्यामागं निघून गेले. तो सबंध हंगाम अण्णा बिनवायरीचा बेस वाजवत राहिले. स्वतःच्या खर्चानं यायचे, सूर जुळवायचे, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत उभे राहायचे. तारा तर पहिल्यापेक्षा जास्त उकळू लागले. वहिनी म्हणाल्या, "आता तरी माझं पातेलं सोडा. ऐकतंय कोण?" अण्णा म्हणाले, "मी." खरं म्हणजे थोडंसं मीही ऐकायचो. अगदी जवळ उभा असल्यानं तारांची बारीक टिकटिक मला यायची. कार्यक्रम संपला की ते मला बाजूला घ्यायचे. "त्या कानडी गाण्यात मी एका जागी घसरलो. आलं काय ध्यानात?" ज्या चुका जगात कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं त्यांची त्यांना लाज वाटायची. मला हसू यायचं, आणि हसून झालं की ती जागा मी त्यांना पुन्हा नीट विचारून घ्यायचो.

हंगामाचा शेवटचा कार्यक्रम निपाणीला होता. तिथं हवेतच तंबाखू, त्यामुळे पहिली दोन गाणी शिंकण्यात गेली. तिसऱ्या गाण्याला आमच्या गाणाऱ्या बाई माइकसमोर गेल्या आणि गाईनात. या बाई ऑर्केस्ट्रात सगळ्यांत जुन्या, त्यांच्या नावावर तिकिटं खपायची. त्या मागं वळून म्हणाल्या, "मालक, अण्णांची वायर जोडा. कधीचं सांगायचं हुतं. विहिरीत उतरल्यावर पाय टेकत न्हाईत तसं हुतंय मला. मी न्हाय गाणार." मालकांनी कीबोर्डवाल्याकडे बघितलं. त्या गुणी मुलानं डावा हात केव्हाच उचलून मांडीवर ठेवला होता. "मला बी दोन्ही हात उजवीकडंच पाहिजेत हो," तो म्हणाला.

समोर लोक आरडाओरडा करू लागलेले. मालकांनी खिशातून वायर काढली, खाली बसून स्वतःच्या हातानं जोडली आणि म्हणाले, "हं, वाजवा." अण्णांनी तारांवरचा हात काढून घेतला.

"आधी माइकवर सांगा. बेसवर कोण हाय ते."

मालक चरफडत माइककडे गेले. "आणि बेस गिटारवर आहेत," ते म्हणाले, आणि थांबले. इतक्या वर्षांत पोस्टरवर लाइटवाल्याचंसुद्धा नाव छापलं होतं, अण्णांचं कधी नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे, मी कीबोर्डवाल्याकडे. स्टेजवर एकालाही, शेजारी राहणाऱ्या मलासुद्धा, अण्णांचं खरं नाव सांगता येईना. अण्णांना सांगता आलं असतं, पण ते मोरांवर हात ठेवून हट्टानं गप्प उभे. शेवटी मालकांनी घाम पुसला आणि ओरडले, "बेस गिटारवर आहेत आमचे अण्णा!"

टाळ्या काही फार पडल्या नाहीत. अण्णांनी सदऱ्याची बाही सारखी केली, मान लववली, आणि सूर दिला. माझ्या पायाखालची फळी हलली. बाईंनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. अण्णांनी ते गाणं कायम वाजवायचे तसंच वाजवलं, एक सूर जास्त नाही की कमी नाही.

पुढं व्हिडिओ आले, ऑर्केस्ट्रे बंद पडले, कीबोर्डसकट आम्ही सगळेच घरी बसलो. बऱ्याच वर्षांनी गल्लीतल्या एका लग्नात दोघं बरोबर गेलो होतो. मांडवाबाहेर स्पीकरची भिंत उभी केलेली, आणि तिच्यातून कुठल्याशा गाण्याचा नुसता बेस, असा की पत्रावळी थरथरत होत्या. मी त्यांच्या कानात ओरडलो, "अण्णा, जिकलासा की! आता सगळा बेसच हाय!" म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून थोडा वेळ ऐकलं. मग माझा दंड धरून म्हणाले, "व्हय रं, लई मोठा हाय. पर बाई काय गाया लागलीया, त्ये काय कळंना." मला एवढंच वाटलं, की अजून एकदा कुठल्यातरी गावात स्टेजवर त्यांच्या शेजारी उभं राहायला मिळावं. आता अण्णा नाहीत, आणि तसा शेजार मला पुन्हा मिळाला नाही.