तेवीस नंबरचं पोर्ट

माझं डोकं लवकर तापतं. त्यात कॉलेजच्या ऑफिसातले सगळे कम्प्युटर माझ्या जिवावर चालतात ही मिजास. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच्या ताई दारात दिसल्या, की मी आधीच आठ्या घालायचो. त्या कंत्राटावर होत्या, कन्नडहून रोज एसटीनं यायच्या. सकाळभर त्यांचं नेटवर्क मधूनमधून तुटायचं आणि पोरांची रांग जिन्यापर्यंत जायची.

"सर, दुपारी जेवून आलं की आपोआप नीट चालतंय," त्या सांगायच्या. मी म्हणायचो, तुमचाच पाय लागत असेल वायरीला.

शेवटी अधीक्षक म्हणाले, बाईंना कम्प्युटर झेपत नाही, महिनाअखेर दुसरं माणूस बघू. तुम्ही तसं दोन ओळींत लिहून द्या. लिहून द्यायचं म्हटल्यावर पुरावा पाहिजे. म्हणून मी स्विचचं पान उघडलं. स्विच म्हणजे माझ्या खोलीतली चपटी पेटी. साऱ्या ऑफिसच्या वायरी तिच्यात येतात, आणि कुठली जोडणी किती वेळा तुटली, कुठं किती चुका झाल्या, हे ती मोजत बसते. ताईंची वायर तेवीस नंबरच्या पोर्टला. सकाळी आल्या आल्या आकडे शून्यावर आणले, डबा जागेवर ठेवला आणि बघत बसलो.

अकरापर्यंत बाकी सगळं शांत, तेवीसवर मात्र चुका वाढतच होत्या. आता रंगेहाथ पकडतो म्हणून मी तरातरा खिडकीकडं गेलो. बघतो तर ताई खुर्चीत मांडी घालून बसलेल्या, वायरीला पाय लागू नये म्हणून. मी आल्या पावली परत फिरलो.

दीडला डबा उचलला, जेवलो. येऊन बघतो तर आकडा थांबलेला. तीन वाजले तरी हलला नाही. मग माझं लक्ष हातातल्या रिकाम्या डब्याकडं गेलं. डबा पाण्यानं भरून परत पेटीवर ठेवला. आकडा लागला पळायला.

पेटी गरम असते, भाकरी मऊ राहते, म्हणून हिवाळ्यापासून मी डबा तिच्यावर ठेवत होतो. शहागंजातून घेतलेला चार खणांचा जड स्टीलचा डबा, आणि तेवीसची वायर नेमकी त्याच्याखालून गेलेली.

लई लाज वाटली. खरं सांगतो, 'वायर खराब होती, बदलली' असं लिहून मोकळं व्हावं, असंही मनात आलं. पण मांडी घालून बसलेल्या ताई डोळ्यांसमोरून हलेनात. डबा घेऊनच अधीक्षकांकडं गेलो, ताईंनाही बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. अधीक्षक पोट धरून हसले. म्हणाले, राहू द्या मग बाईंना. मी ताईंची माफी मागितली.

त्या हसल्या नाहीत. डब्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "मी तर घरी सांगून बसले होते सर, मला कम्प्युटर जमतच नाय म्हणून."