नसरीन मॅडम आणि राहिलेली तिसरी सुई

खोलीला कुलूप आहे. विद्यापीठाच्या दवाखान्यातली लस द्यायची खोली, जिथं डॉक्टर नसरीन मॅडम बसायच्या, ती. मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी हार झाले, फोटो झाले, आणि शिपायानं कुलूप घातलं ते घातलंच. किल्ली ऑफिसात. ऑफिसात विचारलं, तर नवीन डॉक्टर आल्यावर उघडू म्हणतात. नवीन डॉक्टर कधी, तर वरून ऑर्डर आल्यावर. इकडं माझ्या नातीची, पूजाची, काविळीची तिसरी सुई याच महिन्यात आहे. ती घेतल्याशिवाय नर्सिंगच्या पोरीला वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत. हे आधी सांगून घेतलं, कारण शेवटी सांगितलं असतं तर तिथवर तुम्ही वाचलंच नसतं. आता नमस्कार.

मी जनाबाई. विद्यापीठाच्या गेटासमोर माझी खानावळ आहे. शाळा तिसरीपर्यंत. मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या गौरवाचा हा ग्रंथ निघतोय. समितीचे सर म्हणाले, "आजी, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, तुम्ही लिहिलं की सगळं गुळमट होतं. माझं मी लिहिते.

मॅडमची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. होस्टेलात कांजण्यांची साथ होती. मॅडम स्कुटी लावून सरळ खानावळीत शिरल्या. "अंगावर फोड आलेलं पोरगं पंगतीला बसवायचं नाही. त्याचा डबा खोलीवर."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक तुमचं का माझं?"

"भाकरी तुमची, ताप माझा," त्या म्हणाल्या. "आणि डबे पोचवायला माणूस नसंल तर मी नेते."

आणि खरंच नेले. साथ सरेपर्यंत रोज हँडलला डबे अडकवून त्या होस्टेलात जायच्या. शेवटच्या दिवशी रिकामे डबे परत देताना म्हणाल्या, "आजी, पिठलं लई पातळ करता तुम्ही." तेव्हापासून आमचं जमलं.

प्रवेशाच्या दिवसांत मॅडमचं काम बघावं. नव्या पोरांना प्रवेश पक्का करायच्या आधी लसी घेतल्याचा दाखला द्यावा लागतो. गोवराचा, धनुर्वाताचा, दवाखान्यात शिकणाऱ्यांना काविळीचाही. शहरातल्या पोरांचं सगळं फाईलीत लावलेलं असतं. खेड्यातल्या पोराच्या लहानपणीचं कार्ड कुठं असतं? घर गळलं त्यात भिजलेलं, नाहीतर उंदरानं खाल्लेलं. अजिंठ्याकडची एक पोरगी अशीच दवाखान्याच्या खिडकीपाशी रडत उभी होती. क्लार्क म्हणत होता, "पुरावा नाही तर प्रवेश नाही."

मॅडम बाहेर आल्या. "भाऊ, कार्ड हरवलंय. पोरगी तर समोर उभी आहे ना? सुई कार्डाला द्यायची आहे का हिला? परत घेतली म्हणून काही बिघडत नाही. पाठवा आत." क्लार्कानं तोंड वाकडं केलं, पण पाठवलं. आवाज चढवून काम करून घ्यायचं मॅडमना फार चांगलं जमतं. गोड बोलणं त्यांना जमत नाही. मलाही जमत नाही.

आता पूजाचं. तिचा बाप, माझा लेक, काविळीनं गेला. आमच्या गावात काविळीची माळ मिळते. ती डोक्यावर ठेवायची, आणि सैल होत होत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. लेकाची माळ गळ्यात उतरली, छातीवर आली. कावीळ काही उतरली नाही. तरीसुद्धा पूजाला नर्सिंगला नंबर लागल्यावर मी गावाकडून तिच्यासाठी माळ मागवली आणि धडधाकट पोरीच्या डोक्यावर ठेवली. दवाखान्यात जाणार, लोकांच्या सुया उचलणार, काहीतरी पाहिजे ना अंगावर! आणि मॅडमना जाऊन सांगितलं, "हिला सुई नको. माळ घातलेली आहे."

खोलीतली शिकाऊ नर्स फिसकन हसली. मॅडमनी तिला बाहेर काढलं आणि मला विचारलं, "आजी, अशी माळ आधी कोणासाठी आणली होती?"

मग मी लेकाचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आधी रक्त तपासू. बापाला होती, एका घरात राहिलात. तुमचापण हात पुढं करा."

"आणि हिच्यात निघाली तर? प्रवेश काढून घेतील?"

"निघाली तर औषध सुरू करू. प्रवेश कोण काढतो ते मी बघते. और वो माला रहने दो. माळ डोक्याला, सुई दंडाला. दोघींचं काय भांडण?"

रिपोर्ट येईपर्यंत माझ्या भाकरी करपत होत्या आणि गिऱ्हाईक मुकाट खात होतं. पूजाचे डोळे पिवळे दिसतात का, हे मी तिला उन्हात उभी करून बघायची. ती चिडायची. मग एका दुपारी मॅडम स्कुटीवरून उतरायच्या आधीच गेटातून ओरडल्या, "साफ है! दोघीपण साफ!" अख्ख्या खानावळीनं ऐकलं. अशा गोष्टी हळू सांगायच्या असतात हे मॅडमना कळत नाही, हा त्यांचा दोष मी इथं लिहून ठेवते. त्या दिवशी पहिली सुई झाली, महिन्यानं दुसरी. तिसरी सहा महिन्यांनी होती. मधेच मॅडम निवृत्त झाल्या.

मॅडमचा जीव होता तो लसीच्या फ्रीजवर. लाईट गेली की सुट्टीच्या दिवशीसुद्धा औरंगपुऱ्यातल्या घरून निघून यायच्या. मला म्हणायच्या, "गरम झालेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय. वाईट हे की, टोचून घेणाऱ्याला ते कळत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. त्यामुळं हल्ली मी सकाळी भाजी घेऊन येताना त्या बंद खोलीच्या दाराला कान लावते. फ्रीज घुमतोय का बघते. वॉचमन म्हणतो, "आजी, आत कोण आहे?" मी म्हणते, "तुला काय करायचंय? ऐकू दे." परवा लाईट जाऊन आली. त्यानंतर मला आवाज आलेला नाही. माझे कान गेलेत का फ्रीज गेलाय, हे दार उघडल्याशिवाय कोण सांगणार?

बाहेर सुई घेता येते, मला माहीत आहे. पण बाहेरच्या चिठ्ठीवर इथल्या डॉक्टरची सही लागते, आणि इथं डॉक्टर नाही. उशीर झाला म्हणून आधीच्या दोन वाया जात नाहीत, असं मॅडमनी फोनवर समजावलं. बरं झालं. पण पोरींचा वॉर्ड थांबत नाही, आणि पूजाच्या वर्गात अशा कितीतरी पोरी आहेत.

मॅडम म्हणाल्या, "आजी, मी येते, देते." मी नको म्हटलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. आणि या आल्या की ऑफिसवाले आणखी वर्षभर निवांत झोपतील.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघा नीट होवो, साखर आटोक्यात राहो. चहात तीन चमचे घालणं बंद करा, मग माझ्या आशीर्वादाचा काही उपयोग होईल. पंचाहत्तरीलाही मीच लिहीन.

या ग्रंथाच्या समारंभाला कुलगुरूसाहेब येणार आहेत म्हणे. त्यांनी शाल हातात घ्यायच्या आधी माईकवर सांगावं: कुलूप कधी उघडणार, फ्रीज कोण बघणार, पोरींना तिसरी सुई कोण देणार. समितीनं मधे बोलायचं नाही. क्लार्कानंही नाही. आणि मॅडम, तुम्ही उठून 'मी देते' म्हणायचं नाही. खुर्चीवर बसून राहायचं. उत्तर साहेबांनीच द्यायचं.