हजेरीच्या फळ्यावरची पालखी

बिरवाडीत खोली घेऊन मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषधाच्या कारखान्यात हजेरीची कारकून होते. माणूस आला नाही की खाडा मांडायचा, एवढंच काम. पण मला नसत्या चौकशा करायची खोड. तो का आला नाही, हे कळल्याशिवाय चैन पडायचं नाही.

शिमगा आला की आमच्या साहेबांचं डोकं फिरायचं. सुट्टी होळीची, आणि खाडे पुढं कितीतरी दिवस. यंत्रावर माणूस नसला की आतला माल वाया जाई. साहेब पुण्याचे. लोक पिऊन पडतात, हा त्यांचा शोध! पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या एका ऑपरेटरला त्यांनी बजावलं, "पुढच्या शिमग्यात दांडी मारलीस तर कायमचा घरी बस."

मला संतापच आला. मी त्याला विचारलं, "होळी तर होऊन गेली होती, मग राहिलात कशाला?"

"बाई, पालखी गावोगाव फिरत येते. आमच्या वाडीत मागनं येते. दारात देव आणि घरात माणूस नाय, असं चालंल का?"

झालं! ज्याला त्याला मी पालखीचा दिवस विचारत सुटले. जुन्या फळ्यावर पालखीच्या दिवसांप्रमाणे गावं मांडली, पुढं नुकत्याच झालेल्या शिमग्यातले खाडे. खाडे पालखीच्या मागोमाग चालले होते! साहेब म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?" मी म्हटलं.

पण पालखीच्या दिवशी यंत्रावर उभं कोण राहणार? फळ्यावर बौद्धवाडीतल्या कामगारांचा शिमग्यात एकही खाडा नव्हता. त्यांच्यातल्या एका ऑपरेटरला विचारलं, तर तो हसला. "राहतो की. पण आमच्या भीमजयंतीला कोण?"

मग तीही फळ्यावर चढली. पुढच्या शिमग्यात माल वाया गेला नाही, डोंगरवाडीच्या माणसाची नोकरी राहिली, आणि साहेब तो फळा पाहुण्यांना स्वतःची युक्ती म्हणून दाखवू लागले. माझा नुसता जळफळाट.

भीमजयंतीच्या सकाळी मात्र फळा फसला. बौद्धवाडीच्या ऑपरेटरचा बदली माणूस आलाच नाही. त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. निरोप गेला तसा बौद्धवाडीचा ऑपरेटर बिचारा पांढऱ्या कपड्यांतच फाटकाशी आला. तेवढ्यात रात्रपाळी संपवून डोंगरवाडीचा ऑपरेटर बाहेर पडत होता. त्यानं डबा परत खाली ठेवला.

"तू जा रे मिरवणुकीला. मी थांबतो."

"अहो, रात्रभर जागलात," मी म्हटलं.

"शिमग्यात माझ्या जागी हाच उभा व्हता, बाई. म्हणून मी अजून हितं हाय."

साहेबांना न विचारताच मी त्याची दिवसपाळीचीही हजेरी मांडली.