माळावरचा शेवटचा फोटो

बारामतीच्या शाळेत मास्तर असताना मला फोटोंचं वेड लागलं होतं. इंदापूरकडचा उजाड माळ मला भारी आवडायचा. नुसते दगड, कुसळं आणि आभाळ. रविवारी मला तिकडं नेणारा टांगेवाला ठरलेला होता. पण तो टांगा थांबवायचा ते हमखास हिरव्या जागी. सणसरला उसाशेजारी, अंथुर्ण्याला कालव्यावर. माळावर थांब म्हटलं, की माझ्याशी न बोलता तो घोडीशी बोलायचा, "थांब बाई, मास्तरांस्नी दगडं बघायचीत." पाहुण्यानं नेमका घरातला फाटका कोपराच बघावा, तसा त्याचा चेहरा व्हायचा.

एका संध्याकाळी मात्र शेळगावच्या पुढं, तशाच माळावर त्यानं आपणहून लगाम खेचला. कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता आणि तो मी मावळतीसाठी राखला होता.

"मास्तर, हे माझं रान. ह्याचा काढा."

"आज दगडांचा?"

"व्हय. औंदा हिकडं कालव्याची चारी खोदणार हायती. पाणी आल्यावर, हे असं हुतं म्हणून सांगितलं तर नातवंडांना खरं वाटायचं न्हाय."

तो दगडांत जाऊन उभा राहिला आणि एक हात डोक्याच्या वर ताणून धरला.

"हात कशाला?"

"ऊस एवढा हुईल."

मावळती राहिली. तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. बघणारे विचारतात, हा माणूस उजाड माळावर कुणाला हाक मारतोय?

हाक कसली, मी म्हणतो, तो उसात उभा आहे.