मुकी प्रचारगाडी

नवऱ्याच्या बँकेने आम्हाला जपानला पाठवलं तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. टोकियोजवळ ग्योतोकुला घर मिळालं. नव्वदच्या दशकातला एक एप्रिल होता आणि नगरपालिकेची निवडणूक लागली होती. छपरावर कर्णे लावलेल्या गाड्या सकाळपासून गल्लीबोळांतून फिरायच्या आणि पांढरे हातमोजे घातलेल्या बायका खिडकीतून हात हलवत उमेदवाराचं नाव गोड आवाजात सांगत राहायच्या. बहुतेक वेळा फक्त नाव. जाहीरनामा वाचून मत देणारी माणसं मी कुठल्याच देशात पाहिलेली नाहीत, त्यामुळे ही पद्धत मला निदान प्रामाणिक वाटली.

गल्लीच्या तोंडाशी तांदळाचं दुकान होतं. त्याचे मालक पहिल्यांदाच उभे होते. शाळेजवळच्या चौकात सिग्नल हवा, यासाठी अर्ज करून ते थकले होते. आता निवडून येऊन तो आणणार होते.

तांदूळ आणायला गेले असताना मी मोडक्या जपानीत बोलून गेले, तुमच्या गाडीने बाळ उठतं. ही तक्रार खास मुंबईची होती. तिकडे प्रचाराच्या रिक्षेवर आपण गॅलरीतून ओरडतो, रिक्षावाला आवाज वाढवतो आणि दोघांचंही समाधान होतं. कुणी ऐकणार नाही या भरवशावरच आपण तक्रार करतो.

या दुकानदारांनी ती ऐकली. कमरेत वाकून माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची गाडी आमच्या गल्लीत शिरताच मुकी होई. बाकीच्यांच्या गाड्या ओरडतच होत्या, त्यामुळे मुलगी उठायची ती उठायचीच. राहू द्या, असं मला सांगता आलं असतं. पण आपल्या शब्दाला मिळालेला मान मला आवडला होता.

ते थोडक्यात पडले.

"अगं, इथे तुला मत नाही, तरी उमेदवार पाडलास," नवरा म्हणाला. मी हसले. मग कचरा टाकायला खाली गेले तेव्हा शेजारच्या आजी भेटल्या. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी दुकानदारांना मत दिलं नव्हतं म्हणे. परके उमेदवार दारात येऊन विनवून गेले. हा आपला माणूस मात्र तोंड मिटून निघून गेला, आम्हाला गृहीत धरलं.

रविवारी मुलीला नवऱ्याजवळ ठेवून मी दुकानात गेले. माफी मागायचे जपानीतले जेवढे प्रकार शिकले होते, तेवढे सगळे वापरले. मग विचारलं, गाडी गप्प का होती हे तुम्ही लोकांना का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला बोल लावला असता," ते मला समजेल इतक्या सावकाश म्हणाले. "तुम्हाला इथे राहायचंय."

सिग्नलचं काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी घेतलेल्या तांदळाची दहा किलोची पिशवी खांद्यावर घेऊन ते आमचे तीन जिने चढले. मी त्यांच्या मागून, रिकाम्या हातांनी.